डॅन्यूबकाठचे गडगे

कोकणातल्या माणसाला गडगा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड बसवून रचलेली कंबरेएवढी भिंत. परसाभोवती असते, आगराभोवती असते, आणि एखाद्या पावसाळ्यात ढासळली की घरातलं कुणीतरी चार दिवस खपून ती पुन्हा उभी करतं. असेच गडगे ऑस्ट्रियात डॅन्यूब नदीच्या काठी आहेत, पण तिथे ते डोंगरभर आहेत. पायथ्यापासून रानाच्या कडेपर्यंत एकावर एक चढत गेलेले. त्या खोऱ्याचं नाव वाखाऊ. मेल्क आणि क्रेम्स या दोन गावांमधला नदीचा जेमतेम ३६ किलोमीटरचा पट्टा. जगातल्या उत्तम पांढऱ्या वाइनमध्ये गणली जाणारी वाइन इथे होते आणि ती करणारी बरीचशी घरं पिढ्यान्‌पिढ्या तीच आहेत.

या वाइनचा इतिहास सांगायला बसलेला माणूस बहुधा राजांपासून सुरुवात करतो, मग मठांवर येतो, मग द्राक्षांच्या जातींवर. तो इतिहास खराच आहे. पण डोंगरावरची माती जागच्या जागी राहिली ती गडग्यामुळे, आणि गडगा राहिला तो त्याच्या मागे एक घर उभं होतं म्हणून.

वाखाऊचा डोंगर मुळात शेतीचा नव्हेच. खाली नाइस नावाचा पुराणा, कठीण, पट्टेदार खडक आणि वर वीतभर माती. उतार असा की जोराचा पाऊस आला तर माती थेट नदीत. अशा जागी वेल लावायचा तर आधी माती अडवायला हवी आणि त्यासाठी हाताशी भरपूर असलेली वस्तू एकच, दगड. जमीन मोकळी करताना निघालेला दगड खालच्या अंगाला रचायचा, मागे माती भरायची आणि त्या पट्टीवर वेलांच्या ओळी धरायच्या. मग त्याच्या वर आणखी एक भिंत, आणखी एक पट्टी. काही पट्ट्या इतक्या अरुंद की वेलांच्या दोन ओळींत पट्टी संपते.

माती अडवणं हे गडग्याचं पहिलं काम. दुसरं काम दिसत नाही, चवीत मात्र उतरतं. दिवसभर उन्हात तापलेला दगड रात्री हळूहळू ऊब सोडतो. पूर्वेकडून हंगेरीच्या मैदानावरची उबदार हवा खोऱ्यात शिरते आणि रात्री उत्तरेच्या वाल्डफिर्टेलच्या रानातून गारवा खाली उतरतो. दिवसा द्राक्षात साखर भरते, रात्रीच्या गारव्याने आंबटपणा टिकून राहतो. पांढऱ्या वाइनला हे दोन्ही लागतं. खालच्या बाजूला, जिथे वाऱ्याने आणून टाकलेली पिवळसर, भुसभुशीत लोएस माती आहे, तिथे ग्रूनर वेल्टलिनर ही इथली मुख्य जात चांगली येते. वरच्या उघड्या खडकावर रीसलिंग.

आणि चुना का वापरत नाहीत? कारण पावसाचं पाणी भिंतीमागे साठलं की भिंत फुगते आणि एके दिवशी फुटते. कोरड्या गडग्याच्या फटींतून ते पाणी झिरपून जातं. हे शहाणपण कोकणातल्या चिरा रचणाऱ्याला आणि डॅन्यूबकाठच्या द्राक्षवाल्याला एकमेकांना न भेटता सापडलेलं आहे.

डॅन्यूब ही एके काळी रोमन साम्राज्याची उत्तर सीमा होती. क्रेम्सच्या समोर, दक्षिण काठावर, आज जिथे माउटर्न गाव आहे तिथे फावियानिस नावाचं लष्करी ठाणं होतं. पाचव्या शतकात साम्राज्याची ही कड उसवत चालली असताना सेव्हेरिन नावाचा एक ख्रिस्ती साधू या भागात राहिला. त्याने उपाशी गावांना धान्य मिळवून दिलं, पकडलेली माणसं सोडवली. ४८२ मध्ये तो वारला. पुढे ५११ च्या सुमाराला त्याचा शिष्य युगिप्पियस याने त्याचं चरित्र लिहिलं. त्यात एक छोटा उल्लेख आहे. लोकांच्या वर्दळीपासून दूर राहावं म्हणून सेव्हेरिन एका बाजूच्या जागी लहानशा खोलीत राहायला गेला, आणि त्या जागेचं नाव होतं ‘द्राक्षमळ्यांपाशी’. उल्लेख एवढाच. पण ज्या जागेची ओळखच द्राक्षमळ्यांवरून पटते, तिथले मळे नाव पडण्याइतके जुने आणि ठळक असले पाहिजेत. वाखाऊच्या वाइनबद्दल याहून बोलका जुना पुरावा शोधायची गरज नाही.

मग मठांचा काळ आला. आठव्या शतकाच्या अखेरीस शार्लमेनने आवार लोकांचा पाडाव केला आणि डॅन्यूबच्या या बाजूची जमीन बव्हेरियातल्या मठांना मिळू लागली. बव्हेरिया थंड. तिथे चांगलं द्राक्ष पिकायचं नाही आणि मठाला वाइन तर रोजच्या पूजेला लागणारच. म्हणून आल्प्सच्या पायथ्याचे मठ शेकडो किलोमीटर लांब वाखाऊत मळे राखू लागले. टेगर्नझे मठाला १००२ मध्ये राजा दुसरा हेन्री याने लॉइबेनला जमीन दिली. तिथलं टेगर्नझेरहोफ हे घर आजही वाइन करतं. आता ते एका कुटुंबाचं आहे. १०८३ मध्ये नदीपलीकडच्या टेकडीवर ग्योटवाइगचा मठ उभा राहिला. प्रत्येक मठाचा खोऱ्यात एक वाडा असायचा. मोठं अंगण, घाणा, तळघर. सुगीच्या दिवसांत तिथे द्राक्षं यायची, रस निघायचा आणि भरलेली पिंपं नावेवर चढायची. प्रवाहाविरुद्ध नाव ओढायला काठाने घोडे चालायचे.

मठांकडे कागद होता, हिशेब होता. कुदळ आणि दगड मात्र कुळांच्या हातात होते. मध्ययुगात रान तोडून डोंगरावर पायऱ्या चढवण्याचं जे प्रचंड काम झालं, त्यातल्या एकाही गवंड्याचं नाव आज कुणाला सांगता येत नाही. इंग्लंडचा राजा रिचर्ड द लायनहार्ट ११९२ च्या अखेरीस ड्युर्नश्टाइनच्या किल्ल्यात कैद होता, ही गोष्ट मात्र प्रत्येक बोटीवरचा मार्गदर्शक सांगतो. ते स्वाभाविक आहे. तरी त्या किल्ल्याकडे चढताना वाटेच्या दोन्ही अंगांना ज्या भिंती लागतात, तिथे थोडं थांबून पाहावं असं वाटतं. किल्ला १६४५ मध्ये आलेल्या स्वीडिश फौजेने उद्ध्वस्त केला आणि तो तसाच राहिला. भिंती तेव्हापासून कितीदा पडल्या असतील, तरी त्या उभ्या आहेत. किल्ल्याला सांभाळणारं घर उरलं नाही, भिंतींना होतं.

मळ्यांतून लढाईही होऊन गेली. ११ नोव्हेंबर १८०५ रोजी लॉइबेन आणि ड्युर्नश्टाइनच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत मार्शल मोर्टिएचे फ्रेंच सैनिक आणि कुतुझोव्हचे रशियन व ऑस्ट्रियन सैनिक एकमेकांना भिडले. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला पायऱ्यांचा डोंगर, आणि रशियनांची एक तुकडी डोंगर ओलांडून फ्रेंचांच्या पाठीवर उतरली. हजारो माणसं पडली. लॉइबेनच्या मळ्यांत त्यांचं स्मारक आहे आणि त्याच्या चहूबाजूंनी वेल आहेत.

सामान्य द्राक्षवाल्याच्या दृष्टीने त्याआधीची १७८४ ही तारीख जास्त मोलाची. सम्राट दुसरा जोसेफ याने त्या वर्षी फर्मान काढलं की स्वतःच्या मळ्यातली वाइन आणि घरचे पदार्थ स्वतःच्या दारात विकायला कुणालाही मुभा आहे. आजही ऑस्ट्रियातल्या वाइनच्या गावात दारावर पानांची जुडी टांगलेली दिसली की समजायचं, घर उघडं आहे, अंगणात बाकं मांडलेली आहेत, या आणि बसा. लहान घराला व्यापाऱ्याच्या दारी न जाता रोख पैसा मिळायची ही वाट होती. पुढे १८०३ मध्ये बव्हेरियातल्या मठांच्या मालमत्ता सरकारजमा झाल्या आणि वाखाऊतले त्यांचे वाडे, मळे हळूहळू इतरांच्या हाती गेले. कुळाचा मालक झाला, पण एका पिढीत नाही आणि सगळीकडे सारखाही नाही.

एकोणिसाव्या शतकाने दोन गोष्टी आणल्या. एक लोककथेसारखी. श्पिट्झ गावाच्या समोरच्या काठावरची माणसं सांगतात की १८६० च्या आसपास नदीच्या पुरात वाहत आलेली वेलांच्या काड्यांची एक मोळी दोघांनी काठाला ओढली आणि लावून पाहिली. त्यातून नॉयबुर्गर ही जात मिळाली. आज डीएनए तपासणीवरून कळतं की नॉयबुर्गर म्हणजे तांबडा वेल्टलिनर आणि सिल्व्हानर यांचा संकर, आणि हे दोन्ही वेल या मुलखात होतेच. मोळीची गोष्ट म्हणून खोटी ठरत नाही. नदीने काहीतरी दिलं ही भावना त्या गावांत खोल आहे.

दुसरी गोष्ट वाईट होती. अमेरिकेतून आलेली फिलॉक्सेरा ही मुळं खाणारी बारीक कीड १८७२ मध्ये व्हिएन्नाजवळ क्लोस्टरनॉयबुर्गला सापडली आणि तिथून देशभर पसरली. उपाय एकच उरला. अमेरिकन वेलाच्या मुळावर इथल्या वेलाचं कलम करायचं, म्हणजे अख्खा मळा उपटून पुन्हा लावायचा. ज्याच्याकडे पैसा आणि मनुष्यबळ नव्हतं त्याने वरच्या पायऱ्या सोडून दिल्या. रानाने त्या ताब्यात घेतल्या. १८९० च्या सुमाराला खालच्या सपाट जमिनीवर जर्दाळूची लागवड वाढली आणि आज वाखाऊचा जर्दाळू वाइनइतकाच प्रसिद्ध आहे.

खरा कस विसाव्या शतकात लागला. क्रेम्सच्या शेजारच्या रोरेनडोर्फ गावच्या लेन्झ मोझर याने वेल उंच वाढवायची आणि दोन ओळींत रुंद जागा सोडायची पद्धत मांडली. दोन ओळींमधून ट्रॅक्टर जाऊ लागला. महायुद्धानंतर ऑस्ट्रियातल्या सपाट मळ्यांत ही पद्धत वणव्यासारखी पसरली आणि वाइन स्वस्त झाली. डोंगरावर मात्र ट्रॅक्टर चढत नव्हता. जे काम खाली यंत्राने होई, त्याला वर माणसं लागत. छाटणी, बांधणी, फवारणी, तोडणी सगळं पायऱ्या चढून-उतरून, हाताने. हिशेब करणाऱ्या कुणालाही दिसत होतं की या भावात डोंगर परवडत नाही. कितीतरी देशांतले असे डोंगर याच काळात ओसाड पडले.

वाखाऊ ओसाड पडली नाही याचं मोठं श्रेय योखिंग गावातल्या योझेफ यामेक याला द्यावं लागतं. घरचे मळे, घरची खानावळ. महायुद्धानंतर हा भाग सोव्हिएत ताब्यात होता. ऑस्ट्रिया १९५५ मध्ये मोकळा झाला. बाजारात गोडसर वाइनची चलती होती आणि हलक्या रसात साखर घालून आंबवणं ही सर्रास रीत होती. यामेकने १९५० च्या दशकात ठरवलं की रसात साखर घालायची नाही. डोंगरावर जे पिकलं तेच बाटलीत जाईल, कोरडं, त्याच्या स्वतःच्या आंबटपणासकट. सुरुवातीला हे धाडसच होतं. पण खानावळीच्या टेबलावर ती वाइन माशासोबत पिणारं गिऱ्हाईक पुन्हा आलं, सोबत आणखी कुणाला घेऊन आलं. डोंगरावरच्या द्राक्षाला सपाटीवरच्या द्राक्षापेक्षा जास्त भाव देणारं गिऱ्हाईक मिळालं की गडगा दुरुस्त करायला पैसा सुटतो. हे यामेकने करून दाखवलं.

१९८३ मध्ये यामेक, श्पिट्झचा फ्रान्झ हिर्ट्सबर्गर, वाइसेनकिर्शेनचा फ्रान्झ प्रागर आणि सहकारी संस्थेचा प्रमुख विल्हेल्म श्वेंगलर या चौघांनी मिळून ‘व्हिनेया वाखाऊ’ ही संघटना उभी केली. यात सहकारी संस्था होती हे लक्षात घ्यायला हवं. सहकार म्हटलं की महाराष्ट्रात साखर कारखाना डोळ्यांपुढे येतो. वाखाऊत शेकडो लहान मळेवाल्यांची वाइन संस्था आहे, आणि खोऱ्यातल्या मळ्यांचा जवळजवळ तिसरा हिस्सा तिच्या सभासदांचा. मोठी नावं आणि लहान शेतकरी एका नियमाखाली आले. द्राक्ष फक्त वाखाऊतलं, रसात साखर नाही, बाहेरून काही मिसळायचं नाही.

वाइनच्या तीन प्रती ठरल्या आणि त्यांना नावं दिली ती डोंगरावरच्या आणि खोऱ्यातल्या जुन्या जगण्यातल्या वस्तूंची. सर्वांत हलकी ती श्टाइनफेडर, गडग्यांच्या कडेने वाढणाऱ्या पिसासारख्या गवतावरून. मधली फेडरश्पील, ससाण्याची शिकार करताना त्याला परत बोलवायला फिरवतात त्या आमिषाचं नाव. सर्वांत पक्व द्राक्षांची, निदान १२.५ टक्के अल्कोहोलची, ती स्माराग्ड. स्माराग्ड म्हणजे पाचू, आणि वाखाऊत पाचू म्हणजे एक हिरवा सरडा जो गडग्याच्या फटीत राहतो आणि ऊन चढलं की वेलांच्या मुळाशी येऊन पडतो.

दोन वर्षांनी, १९८५ च्या उन्हाळ्यात, बाहेर फुटलं की ऑस्ट्रियातले काही उत्पादक वाइनला गोडी आणि भरीवपणा आणायला डायएथिलीन ग्लायकॉल मिसळत होते. थंडीत इंजिन गोठू नये म्हणून टाकायच्या द्रवांच्या नात्यातलं रसायन. परदेशांनी ऑस्ट्रियाची वाइन परत पाठवली, निर्यात जवळजवळ थांबली, आणि ज्यांनी कधी काही मिसळलं नव्हतं त्यांच्या बाटल्याही दुकानांतून उतरवल्या गेल्या. सरकारने त्याच वर्षी कडक कायदा केला. वाखाऊच्या घरांनाही झळ लागलीच. पण स्वच्छ कोरड्या वाइनचे नियम त्यांनी स्वतःहून आधीच लिहून ठेवले होते, म्हणून विश्वास परत येऊ लागला तेव्हा लोकांच्या डोळ्यांपुढे हे खोरं आलं. २००२ मध्ये लंडनला झालेल्या एका झाकलेल्या बाटल्यांच्या चाचणीत जगातल्या नामांकित शार्दोने वाइनसमोर ग्रूनर वेल्टलिनर ठेवला गेला, आणि वरच्या बहुतेक जागा ग्रूनर वेल्टलिनरने घेतल्या.

याच दशकांत नदीवरचं संकट वेगळंच चालू होतं. डॅन्यूबवर ठिकठिकाणी वीजधरणं होत गेली आणि वाखाऊतही एक होणार होतं. धरण झालं असतं तर वाहती नदी तुंबून तलाव झाली असती. १९७२ मध्ये खोऱ्यातल्या नागरिकांनी विरोधासाठी मंडळ केलं आणि ते वर्षानुवर्षं भांडले. बेत बारगळला. आज ऑस्ट्रियात डॅन्यूब मोकळी वाहते ती वाखाऊत आणि व्हिएन्नाच्या पूर्वेला, एवढीच. २००० मध्ये युनेस्कोने या खोऱ्याला जागतिक वारसा म्हटलं ते नदी, मठ, गावं आणि पायऱ्यांचे मळे यांना एकत्र धरून.

घर म्हणजे काय हे पाहायचं तर माउटर्नच्या निकोलाइहोफमध्ये पाहावं. रोमन ठाण्याच्या अवशेषांवर उभं असलेलं हे घर पूर्वी मठाकडे होतं. १८९४ पासून झाह्स कुटुंबाकडे आहे. अंगणात मोठं लिंडेनचं झाड. आत सतराव्या शतकातला, एका अख्ख्या झाडाच्या तुळईचा द्राक्षघाणा. तुळईचा भार हळूहळू द्राक्षांवर येतो आणि रस संथपणे गळत राहतो. घाई करता येत नाही. याच घराने १९७१ मध्ये रासायनिक खतं आणि औषधं सोडून जैवगतिक शेती धरली, तेव्हा युरोपात असं करणारी वाइनघरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. क्रिस्टीने झाह्स यांनी तो निर्णय धरून ठेवला. मळे माउटर्नला आणि पलीकडच्या काठावर श्टाइनच्या डोंगरावर. १९९५ ची एक रीसलिंग त्यांनी मोठ्या लाकडी पिंपात १७ वर्षं तशीच ठेवली आणि मग बाटलीत भरली. वाइनसमीक्षक रॉबर्ट पार्करने सुरू केलेल्या अमेरिकन नियतकालिकाने तिला १०० पैकी १०० गुण दिले. सतरा वर्षं पैसे अडकवून गप्प बसणं कंपनीच्या ताळेबंदात बसत नाही. ज्या घरात आजीने लावलेल्या वेलाचं द्राक्ष नातू तोडतो, तिथे ते बसतं.

वाखाऊत तोडणी लांबते, कधी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. ती उरकली की भिंतींची पाळी येते. पाणी फटीत गोठतं, फुगतं, दगड सरकवतं. वसंतात बर्फ वितळलं की कुठेतरी पायरीचं पोट बाहेर आलेलं असतं. मग पडलेला दगड आधी आकाराप्रमाणे वेगळा मांडायचा. पायाचे मोठे दगड जमिनीखाली, आतल्या बाजूला किंचित झुकवून. त्यावरचा प्रत्येक दगड खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर बसला पाहिजे, नाहीतर उभी फट राहते आणि भिंत तिथूनच उघडते. लांब दगड आडवे आत घुसवायचे, ते भिंतीला डोंगराशी बांधतात. मागच्या पोकळीत बारीक खडी ठोकून भरायची. हातोडा क्वचित लागतो. बहुतेक वेळ दगड हातात फिरवून त्याची बाजू शोधण्यात जातो. एक माणूस दिवसभर राबला तरी दोन-तीन चौरस मीटर झालं तर खूप.

ही विद्या घरात बापाकडून पोराला मिळायची. आता क्रेम्सच्या द्राक्षशेती शाळेत तिचे वर्ग चालतात, कारण पुष्कळ घरांत शिकवणारा म्हातारा उरलेला नाही. २०२४ च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोच्या यादीतल्या कोरड्या दगडी भिंती रचण्याच्या कलेच्या नोंदीत ऑस्ट्रियाचंही नाव जोडलं गेलं. उन्हाळे कोरडे होत चालल्याने वरच्या पायऱ्यांवर ठिबकच्या नळ्या आल्या आहेत, आणि त्या गडग्याच्या फटींतून ओवून वर नेलेल्या असतात. वर्गाला येणाऱ्यांत द्राक्षवाल्यांची पोरं असतात, तसे शहरातून आलेलेही. पहिल्या दिवशी त्यांना भिंत रचायला देत नाहीत. पडलेली भिंत उकलून, दगड वेगळे करून ठेवायला सांगतात.